डॅफ्नी बेटावरील अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे एक हजार किलोमीटरवर प्रशांत महासागरात गॅलापागोस हा द्वीपसमूह आहे. त्यातील सांताक्रूझ बेटाच्या उत्तरेस डॅफ्नी मेजर नावाचे एक चिमुकले बेट समुद्रातून वर आलेले दिसते. विझलेल्या ज्वालामुखीचे हे मुख. उंची सुमारे १२० मीटर, क्षेत्रफळ अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही कमी. येथे ना पुळण, ना धक्का, ना गोड्या पाण्याचा झरा. लाटेबरोबर नाव वर उचलली जाते त्या क्षणी कड्याच्या कपारीवर उडी घ्यावयाची, हाच काय तो उतरण्याचा मार्ग. पिण्याचे पाणी, शिधा, तंबू, सारे पाठीवरून वर न्यावे लागते.

चार्ल्स डार्विन १८३५ साली या द्वीपसमूहात पाच आठवडे हिंडला. या खडकावर मात्र तो आला नाही. पुढे त्याने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला, तेव्हा ही निवड इतकी संथ चालते की माणसाच्या डोळ्यांना ती घडताना दिसावयाची नाही, अशी त्याची समजूत होती. डॅफ्नीने ती खोटी ठरविली.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून वर्षानुवर्षे येथे येत राहिले. चिमणीएवढे फिंच पक्षी जाळ्यात धरावयाचे, पायात रंगीत कडी घालावयाची, चोचीची लांबी, रुंदी व जाडी मोजून सोडून द्यावयाचे, आणि कोण जगला, कोणास किती पिले झाली, याची नोंद ठेवावयाची. पिढीजात पेढीवरील खतावणीतही प्रत्येक खाते इतक्या चिकाटीने क्वचितच लिहिले गेले असेल.

१९७७ साली पाऊस रुसला. पावसाळाभरात जेमतेम २४ मिलिमीटर पडला. मध्यम चणीच्या फिंचांनी प्रथम मऊ, बारीक बिया वेचून संपविल्या. मग उरली ती गोखरूची काटेरी, टणक फळे. देशावरच्या माळावर अनवाणी पायात रुतणारा सराटा ज्यास ठाऊक आहे, त्यास या फळाची वेगळी ओळख नको. डॅफ्नीवरील गोखरू त्याचाच सख्खा भाऊबंद. हे कवच फोडावयास जाड चोच लागते. बारीक चोचीचे पक्षी फळाशी झटत, आणि अखेर ते टाकून देत. सुमारे बाराशेंपैकी दोनशेही पक्षी उरले नाहीत. माद्या नरांहून लहान, म्हणून त्या अधिक मेल्या.

वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक भरली. एवढ्याशा फरकावर जन्ममरण ठरले होते. येथे एक गैरसमज सहज होतो. उपाशी पक्ष्याने आपली चोच वाढविली नव्हती. एकाही पक्ष्याची चोच बदलली नाही. बदलली ती कोण उरले याची यादी. आणि जाड चोचीच्या आईबापांची पिले जाड चोचीचीच निपजतात, हे तेथील मोजमापांनी सिद्ध झालेले असल्यामुळे पुढील पिढीची सरासरीही वर सरकलेली आढळली.

‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा कायदा, असे यावरून कोणी म्हणेल. पुढील काही वर्षांतच डॅफ्नीने तेही म्हणणे खोडून काढले. १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे तेराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. वेली माजल्या, गोखरू त्यांच्याखाली दडपला, आणि बेट बारीक बियांनी भरून गेले. त्यानंतरच्या टंचाईत मोठ्या चणीचे पक्षी तोट्यात आले. बारीक बिया झटपट टिपणारे लहान चोचीचे पक्षी तगले. सरासरी पुन्हा खाली उतरली. ज्याला ‘योग्य’ म्हणावयाचे, तो त्या त्या हंगामापुरता योग्य.

त्याच ओल्या काळात शेजारच्या बेटांवरून थोराड चोचीची दुसरी एक फिंच जात येथे येऊन वसली. वीस वर्षांनी, २००३ नंतर, पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा गोखरूचा साठा या नवागतांनी फस्त केला. मध्यम फिंचांपैकी जाड चोचीवाल्यांच्या वाट्यास काही उरले नाही. १९७७ मध्ये ज्यांच्यासारखे तरले होते, तेच या वेळी मेले. २००५ साली मध्यम फिंचांची चोच मोजली, तेव्हा ती स्पष्टपणे लहान झालेली आढळली.