मामांचे सीझन तिकीट

वर्ध्याहून निघालेली एस. टी. आर्वीच्या रस्त्याला लागली आणि शहराची शेवटची घरे मागे पडली, की दोन्ही अंगांनी काळी जमीन सुरू होते आणि प्रवाशाचा जीव मोकळा होतो. हा मुलूख पाहावा तो दिवाळीच्या सुमारास. सोयाबीन निघून गेलेले असते, तूर छातीइतकी वाढून फुलावर येण्याच्या बेतात असते आणि कपाशीची पहिली बोंडे फुटून शेतात जागोजाग पांढरे ठिपके उमटलेले असतात. याच रस्त्यावर पंधराएक किलोमीटरवर आंजी लागते. कागदोपत्री तिच्या नावापुढे कंसात 'मोठी' असे लिहितात. एकाच नावाच्या दोन गावांत घोटाळा होऊ नये म्हणून केलेली ही खूण असावी; पण आंजीकर मात्र ती एखाद्या पदवीसारखी मिरवतात.

तसे पाहिले तर गावात मुद्दाम पाहायला जावे असे काही नाही. धाम नदी आहे. हीच धाम पुढे पवनारला जाऊन विनोबांच्या आश्रमाचे पाय धुते. इथे ती आपली म्हशी धुते. आठवडी बाजार आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे, त्यामुळे डॉक्टरकी शिकणाऱ्या शहरी मुलामुलींची ये-जा असते. एवढे सांगितले म्हणजे आंजीचे प्रवासवर्णन संपले. पण आंजी हे माझे आजोळ. आजोळाचे वर्णन कधी संपते का?

आजोळी आता मामा तेवढे आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, दृष्टी चष्म्याची पण कान तिखट. यंदाच्या दिवाळीला मी गेलो तो एक बेत मनात धरून. मामांना एकदा पुन्हा क्रिकेटच्या मोठ्या सामन्याला न्यायचे. कारण माझ्या लहानपणी क्रिकेट म्हणजे मामा आणि मामा म्हणजे क्रिकेट, असे आमच्या नागपूरच्या घरात समीकरणच होते.

त्याची सुरुवात १९६९ सालची. ऑक्टोबरात नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर पहिलीवहिली कसोटी झाली, भारत विरुद्ध न्यूझीलंड. मामा तेव्हा विशी ओलांडलेले. त्यांनी थोडा मूग विकला, आजोबांना काय सांगितले ते देवालाच ठाऊक, आणि पाच दिवसांचे तिकीट काढून आमच्या दारात हजर झाले. या तिकिटाला तेव्हा सगळे 'सीझन तिकीट' म्हणत. एक तिकीट, एक जागा, पाच दिवस. आई रोज पोळीभाजीचा डबा बांधून देई आणि संध्याकाळी मामा उन्हाने लाल होऊन परतले की आम्ही मुले त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसत असू. पतौडींचा संघ हरला, चांगला १६७ धावांनी हरला. शेवटच्या डावात हॉवर्थच्या फिरकीपुढे आपला सारा डाव १०९ धावांत आटोपला. घरात सुतक पडले. पण मामा म्हणाले, "हरलो त काय झालं? पाह्यलं तर खरं!"

यंदा मी जुन्या आठवणी काढल्या तेव्हा मामांनी फळीवरची पत्र्याची पेटी खाली घेतली. आत सातबाराचे उतारे, जुन्या पावत्या, आजोबांचा एक फोटो, आणि रबराने बांधलेली तिकिटांची गड्डी. १९६९ ची कसोटी. पाकिस्तानविरुद्धची १९८३ ची. श्रीलंकेविरुद्धची १९८६ ची. मग विश्वचषकातला १९८७ चा न्यूझीलंडशी सामना, ३१ ऑक्टोबरचा, ज्यात चेतन शर्माने सलग तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले. कागद पिवळे पडलेले, कडा झिजलेल्या. मामांनी ती गड्डी पोथीच्या पानांसारखी उलगडली.

"हे तिकीट म्हंजे काय होतं, ठाऊक हाये?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "मैदानात जायचा परवाना." मामा हसले. "परवाना त एका दिवसाचाही भेटते. सीझन तिकीट म्हंजे शेजार."

मग त्यांनी शेजाऱ्यांची हकीकत सांगितली. एका बाजूला रेल्वेतले एक कारकून, दुसऱ्या बाजूला उमरेडकडचे एक शाळामास्तर. पहिल्या दिवशी अनोळखी, दुसऱ्या दिवशी डब्यातली चटणी इकडून तिकडे, पाचव्या दिवशी पत्त्यांची देवाणघेवाण. पुढली कसोटी नागपूरला यायला चौदा वर्षे गेली. तोवर पोस्टकार्डे चालू होती. १९८३ साली तिघे ठरवून जवळजवळ बसले. मास्तरांच्या मुलीच्या लग्नाला मामा आंजीहून तुरीची डाळ घेऊन गेले आणि मामांच्या आजारपणात रेल्वेवाले नागपूरच्या दवाखान्यात रात्रभर उशाशी बसले. हे सारे एका खेळाच्या निमित्ताने.

२००८ पासून नागपूरच्या कसोट्या जामठ्याच्या नव्या मैदानावर होऊ लागल्या. ते वर्धा रस्त्यावरच आहे. आमच्या मामांना तर नागपूरच्या अलीकडेच लागते. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्याच कसोटीला, गांगुलीच्या अखेरच्या कसोटीला, मामा गेले होते. भारत १७२ धावांनी जिंकला. मैदान देखणे, खुर्च्या चांगल्या. पण मास्तर तोवर वारले होते आणि रेल्वेवाल्यांचे गुडघे गेले होते. "जिकलो," मामा म्हणाले, "पन टाळी द्याले बाजूले ओळखीचं कोनी नोयतं." त्यानंतर ते गेले नाहीत.

मी माझा बेत सांगितला. सांगताना एक चूक केली. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरात मुलगा, सून आणि नातवाला घेऊन वीस षटकांच्या सामन्याला गेलो होतो, ते बोलून गेलो. मामांनी लगेच विचारले, "किती पडले?" मी सांगितले, चौघांचे मिळून आठ हजारांच्या घरात. खाणेपिणे वेगळे.

मामांनी डोळे मिटले. शेतकऱ्याचा हिशेब रुपयात होत नाही, मालात होतो. यंदा २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. "म्हंजे एक क्विंटल कापूस," ते म्हणाले. "तीन-चार बायांची दिवसभराची वेचनी. नांगरनी, पेरनी, खत, फवारनी त मी धरतच नाही. आन् तो तुमी तीन-साडेतीन घंट्यांत पाहून टाकला!"

मी बाजू मांडली. खेळ आता धंदा झाला आहे, खेळाडूंना पैसा लागतो, दिवे लागतात, बंदोबस्त लागतो. शिवाय कर. पूर्वी करमणूक कर असे. २०१७ साली तो जाऊन वस्तू व सेवा कर आला आणि आयपीएलच्या तिकिटावर २८ टक्के बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हजाराचे तिकीट चौदाशेला. सरकारने क्रिकेट पाहणाऱ्याला थेट चैनीच्या वस्तूंच्या पंगतीला बसवले आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला सूट आहे, पण ती मान्यताप्राप्त क्रीडा-सामन्यांना, आयपीएलला नाही.

हे ऐकत बसलेला मामांचा मुलगा म्हणाला, "हे आपल्याकडेच नाही. आमचा पोरगा अमेरिकेतून सांगतो ते ऐका." मामांचा नातू तिकडे अभियांत्रिकी शिकतो. त्याने फोनवर सांगितलेली गोष्ट मी नंतर ताडून पाहिली, खरी आहे. तिकडे महाविद्यालयीन मुलांचा फुटबॉल म्हणजे गावोगावचा धर्म. टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिलच्या मैदानात लाखभर माणूस बसते. तिथेही सीझन तिकीट असते, अख्ख्या हंगामाचे, आणि बापाची जागा मुलाकडे अशी ती घराण्यात चालत राहते. नुसती तिकिटाची किंमत देऊन भागत नाही. चांगल्या जागेसाठी अनेक विद्यापीठांना वर 'देणगी' द्यावी लागते. पूर्वी या देणगीचा मोठा भाग करातून वजा मिळे. २०१८ पासून तेही बंद झाले. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मोकळीक मिळाली. ती मिळणार असे दिसताच टेनेसीने आधीच, २०२४ साली, जाहीर केले की २०२५ च्या हंगामाच्या तिकिटावर दहा टक्के जादा 'टॅलेंट फी' घेतली जाईल. म्हणजे खेळाडूच्या गुणांची किंमत, ती प्रेक्षकाने मोजायची.

"त्यात वाईट काय?" मामा एकदम म्हणाले. मी चकितच झालो. मला वाटले होते मामा आता अमेरिकेलाही दोन शब्द सुनावतील. "खेळनाऱ्याले पैसा भेटलाच पाह्यजे. त्याचे हातपाय मोडतेत. पन जो पिढ्यानपिढ्या येऊन बसला, त्याले उठवून पैसा उभा करता, हे पटत नाही."

मला मुंबईचा इतिहास आठवला. ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ चे. तिथल्या कसोट्यांची किती तिकिटे कोणाच्या वाट्याला, यावरून त्या मैदानाचा क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वर्षानुवर्षे ओढाताण चालली. शेवटी संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचेच दुसरे स्टेडियम उभारले. १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. ज्यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे आमच्या विदर्भाचे. तिकिटाच्या भांडणातून अख्खे स्टेडियम उभे राहते, असा या कागदाच्या चिटोऱ्याचा महिमा! पण त्या भांडणात दोन्हीकडे संस्था होत्या. मूग विकून आलेल्या माणसाच्या बाजूने भांडायला कोण आहे?

संध्याकाळी मामा म्हणाले, "चाल, तुले आमचा सामना दाखवतो." गावच्या पोरांनी कबड्डीचे खुले सामने भरवले होते. मैदान म्हणजे पाणी मारून चोपलेली जमीन, चुन्याच्या रेषा, बांबूला बांधलेले दिवे आणि सारखा खरखरणारा लाऊडस्पीकर. तिकीटघर नाही, फाटक नाही. पुढे पोरेटोरे मातीत, मागे म्हातारे खाटांवर, बायका ओसरीवर, आणि ज्यांना कुठेच जागा नाही ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मामांसाठी एका खाटेची डावी कड मोकळी ठेवलेली होती. ती त्यांचीच, हे सगळ्यांना ठाऊक. पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्याने न विचारता चुन्याची डबी पुढे केली.

सामना चुरशीचा झाला. खरांगण्याकडचा एक काटकुळा पोरगा असा चपळ की चौघांच्या हातून निसटून रेषेला बोट लावी. आंजीचे लोकसुद्धा त्याला टाळ्या देत होते. एकदा मात्र पकडीत त्याचा गुडघा पिरगळला आणि तो लंगडत बाहेर बसला. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "आता पाह्य. हा उद्या कामावर जाऊ शकनार नाही. याच्या मजुरीचं काय? इथं तिकीट नाही, तसा याले पैसाही नाही."

मी गप्प झालो. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१८ साली काही खेळाडूंची बोली कोटीच्या वर गेली. त्या कोटीतला रुपया कुठून तरी प्रेक्षकाच्या खिशातूनच येतो. बिनतिकिटाचे मैदान गोड दिसते, पण त्याचीही एक किंमत असते आणि ती असा गुडघा धरून बसलेला पोरगा भरतो. खेडे तेवढे चांगले आणि शहर तेवढे वाईट, असा निकाल देऊन मी मोकळा झालो असतो. मामांनी तो देऊ दिला नाही.

मध्यंतरात एक मुलगा पावतीपुस्तक घेऊन खाटांमधून फिरू लागला. कोणी दहा देई, कोणी पाचशे, कोणी नुसते 'पुढच्या साली' म्हणे. पोरगा सगळ्यांना सारखाच नमस्कार करी. यंदा वर्गणीतून बक्षिसाबरोबर जखमी खेळाडूंच्या दवाखान्याचाही खर्च काढायचा, असे मामांनी पोरांना सुचवले होते आणि पोरांनी ते मानले होते. मामांनी आपली पावती घडी करून खिशात घातली. पेटीतल्या त्या 'जुन्या पावत्या' कसल्या, ते मला आता कळले. तिकिटे संपली तिथून पावत्या सुरू झाल्या होत्या, दर वर्षाची एक.

शहरातला माझा अनुभव आठवला. आठ हजार देऊन आम्ही चौघे बसलो होतो. उजवीकडे कोण होते, डावीकडे कोण होते, काही आठवत नाही. तिकीट महाग झाले म्हणून खेळ बंद पडत नाही, खुर्च्या भरतातच. पण ज्याला परवडते तो वर्षातून एकदा हौस म्हणून येतो, आणि ज्याचा जीव त्यात असतो तो घरी पडद्यासमोर बसतो. खुर्ची भरते आणि शेजार मोडतो. हा तोटा कोणाच्याच जमाखर्चात लागत नाही.

पोरगा माझ्यापुढे आला. मी पाचशेची नोट दिली. त्याने माझे नाव लिहिले, पेन्सिल कानाला लावली आणि विचारले, "गाव, काका?"

मी 'नागपूर' म्हणणार तोच मामा म्हणाले, "आंजी लिही." मग पोराच्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि बजावले, "कंसात मोठी."