न तोललेला खवा

आमच्या घरात खवा हा विकायचा माल होता. खायचा पदार्थ नव्हता.

माझं माहेर भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, पण माळाला चारा बरा. म्हणून दारोदारी म्हशी. दूध निघायचं, पण ते शहराला पोचवायला धड रस्ता नव्हता. सकाळचं दूध संध्याकाळी नासतं, खवा मात्र दोन दिवस दम धरतो. एवढ्याच कारणाने या भागात भट्ट्या पेटल्या. आज भूम, वाशी, कुंथलगिरीच्या खव्याचं नाव सगळीकडे झालंय, कुंथलगिरी खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तेव्हा ते फक्त पोट भरायचं साधन होतं.

दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे भट्टी लावायचे. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की जेमतेम किलोभर खवा पडतो, आणि तेवढा वेळ हात थांबवायचा नाही. आधी दूध वर येतं, फेसाळतं. मग आवाज बदलतो, जड बुडबुडे फुटायला लागतात. तिथून पुढे खरी परीक्षा. उलथनं कडेकडेने खरवडत फिरवत राहायचं, क्षणभर चुकलं की तळ धरला आणि घाणा वाया गेला. गोळा कढई सोडू लागला, कडेला तुपाची लकाकी दिसली की दादा कढई उतरवायचे. मग तागडी. मग एसटीच्या टपावर डबे.

आम्हा पोरांच्या वाट्याला खरवड. कढईला चिकटलेली, तांबूस, थोडी करपट. ती उलथन्याने काढून माय आमच्या हातावर ठेवायची. खव्याकडे बोट गेलं की म्हणायची, “इकायचंय ते, बोट लावू नगंस.” तिच्या बोलण्यात राग नसायचा. त्या खव्यावर वाण्याची उधारी, वह्या, थोरल्या बहिणीचं लग्न असं सगळं उभं होतं, हे आम्हाला न सांगता कळायचं. १९७२ च्या दुष्काळात म्हशी विकाव्या लागल्या, भट्टी विझली. दादा आणि माय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि वाटपात मिळालेली सुकडी. त्या वर्षी खरवडीची आठवण जितकी आली, तितकी नंतर कशाचीच आली नाही.

वाढदिवस हा प्रकार आमच्याकडे नव्हताच. माझ्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि त्या दिवशी वय पुरं भरलेलं असावं, म्हणून मास्तर सरसकट तीच तारीख घालायचे. माझ्या पिढीची कितीतरी माणसं कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली आणि एकाच दिवशी निवृत्त झाली. माय मात्र ठामपणे सांगायची, “तू तिसऱ्या माळेला झालीस.” तुळजापूरच्या आईचं नवरात्र बसलेलं, घरात घट, आणि तिसऱ्या माळेच्या पहाटे मी. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. मूल दाखल करायला आलेल्या बाईला मी तारीख विचारत नसे. पोळा झाला होता का, पेरणी उरकली होती का, अंगणात कुणाचं लग्न होतं, असं विचारत विचारत पंचांगातून दिवस काढत असे. त्याला वेळ लागायचा. पण पोराला त्याचा स्वतःचा दिवस मिळायचा, आणि तो त्याचा हक्कच आहे असं मला वाटतं.

१९९३ ला मी उमरगा तालुक्यात होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या सकाळी देशभर गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली होती. आमचं घर तडकलं, पण आम्ही वाचलो. कित्येक रात्री अंगणात काढल्या. शाळा राहुटीत भरू लागली. हजेरी घेताना काही नावांवर मी थांबायचे आणि पुढे जायचे.

त्याच ऑक्टोबरात माझा मुलगा सहा वर्षांचा झाला. वाढदिवस करायचा विचारही मनात नव्हता. दुपारी दादा आले. भूमहून एसटी बदलत बदलत, डोक्यावर फडक्याने बांधलेला डबा. शाळेच्या राहुटीत बसून त्यांनी डबा उघडला, नातवाच्या तोंडात पहिला घास घातला आणि मग वर्गातल्या पोरांच्या ओंजळीत मूठमूठ खवा द्यायला लागले. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मी म्हणाले, “दादा, एवढा माल?” ते म्हणाले, “तागडी घरी ठेवून आलोय.” जन्मभर छटाकाचा हिशेब ठेवलेल्या माणसाचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा सैल सुटलेला पाहिला. खूप दिवसांनी ती पोरं खाताना एकमेकांना ढकलत होती, हसत होती.

दादा गेले. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. मुलगा पुण्यात नोकरीला. परवा मार्गशीर्षात त्याची मुलगी चार वर्षांची झाली आणि मी हट्टाने सगळ्यांना इकडे बोलावलं. केक सूनबाईंनी आणला, फुगे नातीने स्वतः निवडले, त्याला माझी ना नव्हती. पोरांना जे आवडतं ते व्हावं. पण आदल्या दिवशी भाच्याने म्हशीचं दूध आणून दिलं आणि परसात चूल मांडली. उलथनं मुलाच्या हातात दिलं. संगणकावर बसणारा माणूस, थोड्याच वेळात त्याचा दंड भरून आला. “आई, थांबू का जरा?” “थांबायचं नसतं बाळा.” नात पाटावर बसून बघत होती. दूध कुठे गेलं, हे तिने चारदा विचारलं. कढई उतरली तेव्हा मी अख्खा गोळा तिच्यापुढे ठेवला. तिने बोटभर चाखला आणि खरवडीकडे हात केला. मग भाच्याच्या पोरांनी आणि तिने कढई अशी पुसली की घासायची गरज उरली नाही.

संध्याकाळी मी तिला ओवाळलं. सुपारी, अंगठी, निरांजन, कपाळाला अक्षता. आधी औक्षण, मग केक. उरलेला खवा साखर घालून परतला आणि पेढे वळले. ते ताट घेऊन ती गल्लीत घरोघर गेली. कुठे दोन दिले, कुठे पाच, एका आजींना ओंजळभर. सूनबाई हळूच म्हणाल्या, “आई, पुरतील ना?” मी म्हणाले, देऊ दे तिला हवे तितके.

ताट रिकामं करून ती आली आणि शेवटच्या घरातल्या बाळाला मिळालेच नाहीत म्हणून रडायला लागली. भाचा तिला उचलून म्हणाला, “पुढच्या वर्षी दुप्पट दूध आणतो, मग तर झालं?” मी कॅलेंडरवर त्या तारखेपुढे तेवढं लिहून ठेवलंय.