बेदाणा परराज्यात पाठवताना

शेडवर माल टाकायचे दिवस आले की दोन-चार जण तरी विचारतात, "इंदूरचा व्यापारी थेट माल मागतोय, आपल्याकडं जीएसटी नंबर नाही, पाठवता येतो का?" येतो. पण कोणत्या नियमाच्या जोरावर येतो, ते माहीत असलं पाहिजे.

सगळ्या देशात व्यापार मोकळा राहील, असं घटनेच्या कलम 301 मध्ये लिहिलंय. पुढं कलम 304 मध्ये राज्यांना लोकहितासाठी वाजवी बंधनं घालायची मुभाही आहे. त्यामुळं रस्त्यावर मोकळीक कमीच होती. सीमेवर विक्रीकराचे नाके, शहराच्या तोंडाला जकात, वर केंद्रीय विक्रीकर आणि त्याचा सी फॉर्म. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, करासाठीचे नाके उठले. 1 एप्रिल 2018 पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं. म्हणजे आता गाडी नाक्यावर नाही, कागदावर अडते.

बेदाण्याचा घोळ असा. ओल्या द्राक्षाला कर नाही, बेदाण्याला 5 टक्के. करपात्र माल परराज्यात विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची, असं जीएसटी कायद्याचं कलम 24 सांगतं. त्याच कायद्याचं कलम 23 सांगतं, की आपल्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. आता तपासणाऱ्यानं कोणतं कलम आधी वाचावं?

2023 च्या हंगामात माझ्या 200 पेट्या, 15 किलोची एक, सीमेपलीकडं तपासणीत अडकल्या. व्यापाऱ्यानं ई-वे बिल काढलेलं होतं. तरी "पाठवणाऱ्याचा नंबर कुठाय?" म्हणून गाडी बाजूला घेतली. सातबारा फोनवर पाठवला, कलम 23 दाखवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी सुटली. दंड नाही झाला, पण एका दिवसाचं जादा भाडं माझ्या अंगावर आलं. पुढच्या खेपेला व्यापारी किलोमागं पाच रुपये कमी बोलला. "नंबर नसलेल्या मालाची जोखीम कोण घेणार?" तीन टनाला पंधरा हजार गेले.

21 डिसेंबर 2024 ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची 55 वी बैठक झाली. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा तिथं झाला. मिरीचंही तसंच. व्यापारी दर पाडायला लागला की हे त्याला सांगा.

गाडीबरोबर एवढं द्या:

1. चालू सातबारा. ई-पीक पाहणीत द्राक्षाची नोंद झालेली पाहिजे.
2. ई-वे बिल. माल 50,000 रुपयांच्या वर आणि घेणारा नोंदणीकृत असेल, तर ते त्यानं काढायचं. आपल्या नंबरच्या जागी 'यूआरपी' लिहितात, म्हणजे नोंदणी नसलेला.
3. साध्या कागदावर सही करून पेट्या, वजन, दर, गट नंबर आणि "माल माझ्या शेतातला आहे" एवढं वाक्य.

ही सवलत कुठं संपते तेही बघा. शेजाऱ्याचा बेदाणा विकत घेऊन आपल्या गाडीत घातला, की तेवढ्या मालापुरते आपण व्यापारी. आणि या कायद्यात शेतकरी म्हणजे व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. शेतकरी उत्पादक कंपनी त्यात बसत नाही, सभासद सगळे शेतकरी असले तरी. कंपनीनं परराज्यात पहिली पेटी पाठवायच्या आधी नोंदणी केलीच पाहिजे. गट करून माल पाठवा असा सल्ला देणाऱ्या कृषी विभागाच्या मंडळींनी एवढं जरूर सांगावं.

चार किलो द्राक्षं वाळवावी तेव्हा एक किलो बेदाणा हातात येतो. सौद्यात दर पडला तर माल दुसरीकडं पाठवता येणं, एवढीच आपल्या हातातली ताकद. म्हणून शेडवर माल टाकायच्या आधी सातबारा काढून द्राक्षाची नोंद बघून घ्या. नसेल तर तलाठ्याकडं आत्ताच जा, गाडी भरल्यावर नको.