पोराच्या खिशात नकाशा, घरी मात्र पत्ता नाही

आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. सांगायला थोडी लाज वाटते, पण तुमच्या घरात तसे घडू नये म्हणून लिहीत आहोत.

आम्ही अंबरनाथला राहतो. आमचा मुलगा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. सहा दिवस मान खाली घालून काम, सातवा दिवस त्याचा. त्याने व त्याच्या दोन मित्रांनी वर्गणी काढून हवा भरायची एक रबरी होडी घेतली. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी गाडीने वांगणीला जायचे, तिथे उल्हास नदीत होडी सोडायची आणि बदलापूरला बाहेर यायचे, असा त्यांचा बेत होता.

"वाट चुकलास तर?" आम्ही विचारले. त्याने मोबाईल पुढे केला. "आई, सगळी नदी यात आहे. आपण कुठे आहोत ते निळा ठिपका दाखवतो. पाचपर्यंत घरी येतो." आम्ही डबे भरून दिले आणि निश्चिंत झालो.

पाच वाजले, सहा वाजले. सात वाजता फोन लावला तर बंद. मित्रांचेही बंद. आम्ही नवरा-बायको शेजारच्या भाऊंना घेऊन बदलापूरला गेलो. पोलिसांनी आस्थेने चौकशी केली. होडी कोणत्या रंगाची? वांगणीत नक्की कुठून उतरले? अलीकडच्या काठाने की पलीकडच्या? बदलापुरात कुठे बाहेर पडणार होते? एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ज्या लेकराला लहानाचे मोठे केले, ते आज कुठे गेले हे आम्हाला सांगता येईना. त्या रात्री ती गोष्ट मनाला फार लागली.

नऊच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, पोरं माझ्यापाशी हायेत. भिऊ नका." नदीवर जाळे टाकणारे एक मामा होते. दगडाला घासून होडी फाटली, अंधार पडला, तिघांचे मोबाईल नकाशा चालू ठेवून ठेवून संपले. काठावर कुडकुडत बसलेल्या पोरांना मामांनी घरी नेले, चहा दिला, अंगावर गोधडी टाकली.

आम्ही घ्यायला गेलो तेव्हा मामांनी पोरांना विचारले, "पुढं बंधारा हाय, म्हाईत व्हतं का?" पोरे गप्प. नकाशात बंधारा म्हणजे फार तर एक बारीक रेघ. पण बंधाऱ्यावरून खाली पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते. त्यात होडी सापडली की पाणी तिला पुढे सोडत नाही, पुन्हा पुन्हा आत ओढते. चांगला पोहणाराही तिथे दमतो. बदलापूरच्या बॅरेजवर पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिघांत मिळून लाइफ जॅकेट एकच होते. हे आम्हाला तेव्हा कळले.

वांगणी ते बदलापूर हे अंतर रेल्वेने दहा-अकरा किलोमीटर, गाडीला पाव तास लागतो. पण नदी रुळासारखी सरळ जात नाही, वळणे घेत जाते. भिवपुरीच्या वीजघरातून सोडलेले पाणी येत असल्याने ती पावसाळ्यानंतरही वाहती राहते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची माणसे याच नदीचे पाणी पितात, तरी आपल्याला ती गाडीच्या खिडकीतूनच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मुलाने आम्हाला जीपीएस समजावून सांगितले. साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण कुठे आहोत हे मोबाईल काढतो. त्याला टॉवरची रेंज लागत नाही. नकाशा आधी घरी उतरवून ठेवला तर फोन फ्लाइट मोडवर टाकूनही ठिपका दिसतो आणि बॅटरीही वाचते. "पण पप्पा," तो हळूच म्हणाला, "मोबाईल संकेत नुसते घेतो. आपण इथे आहोत हे तो उपग्रहाला सांगत नाही." म्हणजे पोराला तो कुठे आहे हे शेवटपर्यंत ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हाला.

आमच्या नात्यातला एक मुलगा कॅनडात नोकरीला आहे. तिथे ओंटारिओ प्रांतात अल्गोनक्विन नावाचे साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठे राखीव जंगल आहे. त्यातल्या तळ्यांमधून लोक कॅनू म्हणजे अरुंद वल्ह्याची होडी घेऊन दिवसेंदिवस फिरतात. मधे जमीन आली की होडी डोक्यावर घेऊन चालतात. रेंज नसते, म्हणून मुठीएवढे एक यंत्र जवळ बाळगतात. ते इरिडियमच्या उपग्रहांमार्फत घरी निरोप पाठवते आणि संकटाचे बटण दाबले की मदत केंद्राला ठिकाण कळवते. आम्ही लगेच म्हणालो, "येताना एक घेऊन ये."

बरे झाले, आधी चौकशी केली. आपल्या देशात असे उपग्रह फोन व निरोपयंत्र सरकारच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले ते जीपीएस आणि उपग्रह फोन घेऊनच. त्यानंतर कडक लक्ष असते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला असेच यंत्र सामानात सापडले म्हणून ताब्यात घेतले होते. समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी मात्र इस्रोने संकटाचा निरोप देणारे यंत्र केले आहे. २०२४ साली आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत निरोप पोहोचल्याचे उत्तरही होडीवर मिळते. नदीत मौजेला जाणाऱ्या आपल्या पोरांसाठी ते नाही.

आणि ठिकाण कळले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. २७ जुलै २०१९ चा दिवस आठवा. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. आत सुमारे १,०५० माणसे. गाडी कुठे आहे हे साऱ्या देशाला ठाऊक होते. तरी एनडीआरएफच्या होड्या, नौदलाची पथके आणि आसपासच्या गावांतली माणसे, सगळी लागली, तेव्हा दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. यंत्र पत्ता सांगते. हात द्यायला माणूसच लागतो.

मुलाला नदीवर जायची बंदी आम्ही केली नाही. राबणाऱ्या पोराने एक दिवस मोकळ्या हवेत घालवला तर ते वाईट नाही. पण काही गोष्टी ठरवून टाकल्या. पावसाळ्यात नदीचे नाव काढायचे नाही. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट. एक मोबाईल बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवायचा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून तो लावून बघायचा. होडी सोडण्याआधी काठावरच्या माणसाला पाण्याची विचारपूस करायची, कारण आज पाणी किती आहे हे नकाशाला कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, घरी एक कागद. कुठून उतरणार, कुठे बाहेर येणार, सोबत कोण, त्यांच्या घरचे नंबर, होडीचा रंग, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर आम्ही निघायचे.

फेब्रुवारीत पोरे पुन्हा गेली. कागद स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला होता. त्यावर पाच वाजता लिहिले होते. साडेचारला फोन आला, "आई, बंधाऱ्याच्या आधीच बाहेर पडलो. मामांकडे चहा पितोय." आम्ही मामांना फोन द्यायला सांगितले आणि कागद खिळ्यावरून काढला.

तुमचे लेकरू नदीवर जावो, गडावर जावो की धबधब्यावर, दारातून निघण्याआधी एवढा एक कागद त्याच्याकडून लिहून घ्या.