पलीकडचा माणूस

आद्य शंकराचार्यांविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. वादांतील एका प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं त्यांनीं अमरुक नांवाच्या मृत राजाच्या देहांत प्रवेश केला, आणि तेवढा काळ त्यांचा स्वतःचा देह एका गुहेंत शिष्यांनीं राखला. कीर्तनांत ही कथा रंगते ती परकायाप्रवेशाच्या अद्भुतामुळें. राजवाड्यांत काय घडलें याकडे श्रोत्यांचें सारें लक्ष. गुहेच्या तोंडाशीं जागत बसलेल्या शिष्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. आम्हांस मात्र अलीकडे त्या शिष्यांविषयींच अधिक विचार करावासा वाटतो. आणि याला कारण झाला आमच्या विभागांतील एक संगणक.

परकायाप्रवेश हल्लीं योग्यांपुरता राहिलेला नाहीं. कचेरींतील संगणकांत घरबसल्या शिरण्याची विद्या कोणाही कारकुनास एका दुपारांत साधते. तिची रीत मोठी मौजेची आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, कचेरींतील फाइल तारांतून धांवत घरीं येते. वस्तुतः फाइल जागची हालत नाहीं. आपण घरीं एक अक्षर दाबतों. तो संदेश कचेरींत पोंचतो. तेथील संगणक जणूं आपण त्याच्याच पुढें बसलों आहों अशा समजुतीनें तें अक्षर उमटवितो, आणि उमटलेल्या अक्षराचें केवळ चित्र आपल्याकडे धाडतो. हें सारें निमिषार्धांत घडतें, म्हणून आपण घरीं आहों याचा आपणांसच विसर पडतो. तो घरच्या माणसांना पडत नाहीं. "अहो, तुमची कचेरी आतां देवघराला लागून आली, जेवणापुरतें तरी तिला कुलूप घाला," असें आम्हांस एकदां ऐकावें लागलें, आणि त्यावर उत्तर नव्हतें.

ही विद्या वाटते तितकी नवी नाहीं. सप्टेंबर १९४० मध्यें अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत गणितज्ञांची परिषद भरली होती. तेथें जॉर्ज स्टिबिट्झ यांनीं एक टंकयंत्र मांडून ठेविलें आणि जमलेल्या विद्वानांस त्यावर गणितें घालण्यास सांगितलें. उत्तरें त्याच यंत्रावर छापून येत. परंतु गणितें करणारें यंत्र होतें दूर न्यूयॉर्क शहरांत, तारेच्या दुसऱ्या टोकाला. दूरच्या गणकयंत्राकडून असें काम करून घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग समजला जातो.

त्यापुढची गोष्ट २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रीची. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत चार्ली क्लाइन नांवाचा विद्यार्थी सुमारें साडेपांचशें किलोमीटरांवरील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेच्या संगणकांत शिरूं पाहत होता. आजच्या इंटरनेटचें मूळ जें आर्पानेट, त्यावरून गेलेला हा पहिला संदेश. त्यास 'लॉगिन' हा शब्द टंकावयाचा होता. 'एल' गेला, 'ओ' गेला आणि तिसऱ्या अक्षरास पलीकडचा संगणक कोसळला. सुमारें तासाभरानें पुन्हां प्रयत्न झाला आणि तो साधला. हा प्रसंग सांगतांना लोक त्या दोन अक्षरांचें कौतुक करतात. आमचें लक्ष वेधतें तें निराळ्याच गोष्टीकडे. क्लाइनच्या जवळ टेलिफोन होता, आणि त्या टेलिफोनवर पलीकडे बिल डुव्हॉल नांवाचे गृहस्थ बसले होते. अक्षर पोंचलें कीं नाहीं हें तेच सांगत होते. म्हणजे दूरच्या यंत्रांत मनुष्यानें पहिलें पाऊल टाकलें तेंही यंत्राजवळ बसलेल्या दुसऱ्या मनुष्याच्या भरंवशावर.

आतां आमच्या विभागाची हकीकत. मार्च २०२० मध्यें सर्व देशाचीं दारें बंद झालीं, तेव्हां आमच्या एका तरुण सहकाऱ्यानें आदल्याच आठवड्यांत विभागाच्या संगणकाची ही सोय करून ठेविली होती. कांहीं दिवस सर्व सुरळीत चाललें. पुढें एका विद्यार्थिनीचें पत्र आलें. तिला शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत अंतर्गत परीक्षांचे गुण जोडावयाचे होते व मुदत दुसऱ्या दिवशीं संपत होती. मुलगी शेतमजुराच्या घरची. ही शिष्यवृत्ती गेली तर पुढील शिक्षणही जाणार हें उघड होतें. गुणांची फाइल विभागाच्या संगणकांत होती, आणि नेमका त्याच दुपारीं वळवाचा पाऊस होऊन महाविद्यालयाची वीज गेली. वीज परत आली, परंतु संगणक निजलेलाच राहिला.

निजलेल्या संगणकास दुरून हांक मारण्याचीही एक युक्ति आहे. त्याच्या जाळेजोडणीच्या भागांत थोडीशी धुगधुगी ठेवलेली असते, आणि हाकेच्या संदेशांत त्या संगणकाचा पत्ता लागोपाठ सोळा वेळां उच्चारलेला असतो. कुंभकर्णासाठीं ढोल वाजविणाऱ्यांनीं हेवा करावा अशी ही योजना! आमच्या सहकाऱ्यानें ती करून पाहिली. परंतु खोलींतील मुख्य खटकाच पडला होता; धुगधुगीच नाहीं, तेथें सोळा हाका कोण ऐकणार?

शेवटीं आम्हीं मामांस फोन केला. मामा म्हणजे आमचे शिपाई. ते महाविद्यालयाच्या मागील आवारांतच राहतात. "मामा, तसदी देतों," असें आम्ही म्हणतों न म्हणतों तोंच ते म्हणाले, "तसदी कसली, सर? बटन कुठलं तेवढं सांगा." तोंडाला रुमाल बांधून, किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते दोन जिने चढून गेले. फोनवर कुलूप उघडल्याचा आवाज आला, खटका वर झाला, आणि मामा म्हणाले, "हिरवा दिवा लागला बघा." आम्ही सात किलोमीटरांवर आमच्या घरीं बसून तो दिवा पाहूं शकत नव्हतों, पण क्षणभरानें आमच्या पुढ्यांत विभागाचा पडदा उजळला. गुणपत्रक त्याच रात्रीं गेलें, आणि ती मुलगी आज एम. ए. होऊन अध्यापन करीत आहे.

त्या वर्षाच्या अहवालांत 'घरून केलेलें काम' असा एक रकाना होता. त्यांत हें गुणपत्रक आमच्या नांवावर जमा झालें. मामांच्या दोन जिन्यांसाठीं रकाना नव्हता. आतां मामा येत्या मे महिन्यांत निवृत्त होत आहेत, आणि सर्व कागद घरबसल्या दिसत असल्यानें त्यांची जागा पुन्हां भरण्याचें प्रयोजन नाहीं, असा एक विचार आमच्या सभेंत मांडला गेला आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, फाइली क्लाउडवर ठेवल्या म्हणजे खटक्याचा व मामांचा प्रश्नच मिटला. क्लाउड हा शब्द मोठा फसवा आहे. तो मेघ आकाशांत नसतो. तो पक्क्या इमारतींत असतो. अशा कांहीं इमारती नव्या मुंबईंत ऐरोली-महापे भागांत उभ्या आहेत. तेथें यंत्रें थंड राखावीं लागतात, वीज गेल्यास जनित्रें चालू व्हावीं लागतात, बिघडलेला भाग काढून नवा बसवावा लागतो, आणि यासाठीं रात्रपाळीला माणसें असतात. म्हणजे मामा नाहींसे झाले नाहींत. आपणांस त्यांचा फोन क्रमांक ठाऊक नाहीं, इतकेंच.

घरून काम करण्याच्या सोयीस आमचा विरोध नाहीं. लहान मुलांच्या आया, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे, रोज चार तास लोकलमध्यें उभे राहणारे, यांच्यावर तिचे उपकार फार मोठे आहेत. परंतु एकानें दूर राहावें यासाठीं दुसऱ्या कोणास जवळ राहावें लागतें, आणि हिशेब मांडावयाचा तर दोघांचाही मांडला पाहिजे. सभेंत आम्हीं इतकेंच सुचविलें कीं, मामांची जागा भरावी, आणि अहवालांतील त्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना आंखावा: 'त्या वेळीं तेथें कोण होतें?' विषय पुढील सभेवर गेला आहे. त्या सभेस आम्ही घरून नव्हे, स्वतः जाऊन बसणार आहों.