पुरस्कार नको, उचल दे

विसरवाडी, ता. नवापूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं आणि मन भरून आलं. इतकी वर्षं अॅमस्टरडॅमला राहून तुला आपल्या भागातल्या चित्रकारांसाठी काही करावंसं वाटतं, तेही आपल्याला चित्रकला शिकवणाऱ्या आबांच्या नावानं, याचा मला फार आनंद झाला. आबा असते तर त्यांनी आधी तुलाच चार प्रश्न विचारले असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना मुलं बसवायची म्हणून ते पाड्यापाड्यांवर जायचे, कुणाची फी अडली तर स्वतः भरायचे. आता इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, 'ब'ला पाच, 'क'ला तीन. त्यामुळे पालकच मुलांना बसवतात. आबांच्या काळी या गुणांची सोय नव्हती. पोराच्या हाताला वळण आहे, एवढं कारण त्यांना पुरायचं.

तर तुझा बेत असा, की दरवर्षी एका चित्रकाराला पुरस्कार द्यायचा, रक्कम तू पाठवायची आणि समारंभाचं मी बघायचं. मी खूप विचार केला. माझं म्हणणं स्पष्ट सांगतो: पुरस्कार देऊ नकोस, फेलोशिप दे. पुरस्कार काम झाल्यावर येतो. आपल्याकडे काम व्हायच्या आधीच माणूस गाव सोडून जातो.

तुला आठवतं ना, दिवाळी आटोपली की आपले पाडे कसे ओस पडायचे? अजूनही तसेच पडतात. घराला कडी लावून नवरा-बायको, पोरंबाळं, सगळे गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीकडचे साखर कारखाने सुरू झाले की परत येणं होळीला धावतपळत, नाहीतर थेट उन्हाळ्यात. आणि हे सगळं कशावर ठरतं? उचलीवर. मुकादम पावसाळ्यातच येतो, घरात धान्य संपलेलं असतं तेव्हा पैसे हातावर ठेवतो आणि त्या पैशानं पुढचे सगळे महिने बांधून घेतो. मला या व्यवहाराचा राग आहे, कारण ती उचल फिटता फिटत नाही. पण मुकादमाला एक गोष्ट पक्की कळलेली आहे: माणसाचा वेळ हवा असेल तर पैसे आधी द्यावे लागतात. कलेसाठी पैसे देणाऱ्या किती जणांनी हे ओळखलंय? आपण आबांच्या नावानं अशी उचल द्यावी, जी फेडायची नसेल आणि जिच्या बदल्यात माणूस आपल्या घरी, आपल्या कामाशी राहील.

तू राहतोस त्या शहराचाच दाखला देतो. तिथल्या प्रिन्स क्लॉस फंडानं २००९ साली आपल्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना पुरस्कार दिला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे म्हसे, जन्म १९३४चा. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २००२ला शिल्पगुरू, मग हा तुमच्या गावचा, आणि २०११ला पद्मश्री. सगळे मान त्यांच्याकडे चालत आले आणि ते त्यांच्या हक्काचेच होते. पण यातला एकही पुरस्कार त्यांना चित्रकार करू शकला नसता. ते काम त्याआधी झालं होतं. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, आणि लग्न झालं की त्या चित्राचं काम संपायचं. म्हसे मात्र लग्नकार्याची वाट न बघता रोज काढायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोचले आणि त्यांनी कागद आणला. हेच कुलकर्णी त्याआधी, बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा, पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून मधुबनीला गेले होते. तिथल्या बायकांनाही त्यांनी कागद दिला होता, भिंतीवरचं चित्र विकता यावं म्हणून. महाराष्ट्रातल्या एका माणसानं देशाच्या दोन टोकांना जाऊन हे केलं आणि त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? मला विचारशील तर म्हसेंची पहिली फेलोशिप म्हणजे तो कागद. १९७५ला मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, ती या कागदामुळे.

भुरीबाईंचंही तसंच. झाबुआकडच्या पिटोलच्या त्या भिल्ल बाई, म्हणजे आपल्याच मुलखातल्या म्हण. भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राचं बांधकाम चालू होतं तिथं मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी मजुरांना विचारलं, तुमच्यात कुणी चित्रं काढतं का? आणि मजुरीऐवजी चित्रांचे पैसे दिले. भारत भवन १९८२ला उघडलं. भुरीबाईंना पद्मश्री मिळाली २०२१ला. मधली जवळजवळ चाळीस वर्षं त्या काढत राहिल्या, कारण सुरुवातीला कुणीतरी त्यांच्या दिवसाची किंमत मोजली होती.

धुळ्याजवळच्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार तर आपल्या खानदेशातलेच. सुतारकाम करणाऱ्याचा मुलगा, गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी हात धरला, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत धाडलं. १९५३ला तिथलं मेयो सुवर्णपदक मिळालं. पुढे नर्मदेकाठी केवडियाला १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांच्याच आराखड्यावर उभा राहिला. (त्याच सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या अक्कलकुवा-अक्राणीची गावं गेली. तो पुतळा बघताना मला ती गावं विसरता येत नाहीत.) जोशींसारखा एक गुरू भेटला नसता तर गोंदूरच्या मुलाला जे.जे.चा रस्ता कुणी दाखवला असता?

तू विचारशील, सरकारच्या फेलोशिपा आहेतच की. आहेत, आणि चांगल्या आहेत. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप पंचवीस ते चाळीस वयाच्यांना, महिना दहा हजार रुपये, दोन वर्षं. चाळिशीपुढे सीनियर, महिना वीस हजार. अठरा ते पंचवीसच्या मुलांना शिष्यवृत्ती महिना पाच हजार, तीही दोन वर्षं. चित्र, शिल्प, छायाचित्र, मातीकाम, लोककला आणि आदिवासी कला, सगळं त्यात बसतं. हे सगळं दिल्लीतून चालतं. फेलोशिपचे पैसे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी येतात आणि पुढच्या हप्त्यासाठी कामाचा अहवाल लिहावा लागतो. शिष्यवृत्तीला तर गुरूकडे किंवा संस्थेत पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. आता सांग, आपल्या पाड्यावरची पोरगी आजीचं बघत बघत बांबूची नक्षी शिकली, तर तिनं दाखला कुणाचा आणायचा? आजीचाच. आजी गुरूच आहे, तिचा अंगठा तिथं चालायला हवा, आणि तो चालावा म्हणून कुणीतरी शेजारी बसून कागदपत्रं नीट भरायला हवीत. या भागात खरी उणीव आहे ती अशा शेजारी बसणाऱ्याची. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था भारतीय भाषांमधले अर्ज घेते, म्हणजे मराठीतही लिहिता येतं. हे इथल्या किती मुलांना कळलंय?

दुसरी गोष्ट मला फार बोचते. आदिवासी कला म्हटलं की आपल्या राज्यात वारलीच समोर येते. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या चित्रकला स्पर्धाही वारलीच्या. वारल्यांचा मान आहेच, तो कमी व्हावा असं मी कधी म्हणणार नाही. पण आपल्याकडच्या शाळांच्या, दवाखान्यांच्या कुंपणभिंतींवरही तीच त्रिकोणी माणसं, तोच तारपा. मावची, भिल्ल, कोकणी मुलं दुसऱ्या मुलखातल्या भावंडांची चित्रं गिरवत मोठी होतात. आपल्याकडे काय कमी आहे? काठी गावच्या होळीला नाचणारे बुध्ये अंगावर पांढरे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. होळीपुरतं अख्खं शरीर चित्र होतं. लाकडात कोरलेले वाघदेव आहेत, बांबूची कामं आहेत. महामार्गावर दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. फ्लेक्स आला आणि त्यांच्या हातातला ब्रश सुटला, पण अक्षराचं वळण त्यांच्या बोटांत अजून आहे. यातला कुणी पुरस्कारासाठी अर्ज करेल का? त्यांनी स्वतःला कलाकार म्हणावं, अशी वेळच कुणी आणली नाही.

म्हणून आपली फेलोशिप कशी असावी, ते सांगतो. दिवाळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया), एका माणसाला. त्या महिन्यांत ऊसतोडीला गेला असता तर घरात जे आलं असतं त्याहून कमी नाही, आणि पहिला हप्ता पावसाळ्यातच, मुकादम दारात यायच्या आधी. रंग, कागद, लाकूड, जे लागेल त्याचा खर्च वेगळा. शिवाय एक प्रवास: खांडबाऱ्याहून गाडीत बसायचं आणि कुठेतरी बघून यायचं. छोटा उदेपूरजवळ तेजगढला आदिवासी अकादमीचं संग्रहालय आहे, तिथं राठवांची पिठोरा चित्रं बघता येतील. भोपाळ आहे, मुंबईचं जे.जे. आहे. बघणं हे कामच आहे. आपले चित्रकार गायतोंडे १९६४ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, ते जाणंही दुसऱ्यांचं काम समोर उभं राहून बघता आलं म्हणून मोलाचं ठरलं. माणसाला एकटं मात्र पाठवायचं नाही. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम २००१ला जपानमधल्या एका संग्रहालयात काम करायला गेले आणि तिथंच त्यांनी जीव दिला. घरापासून तोडून नेलेल्या कलाकाराची काळजी कोण घेतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

अहवाल नको. त्याऐवजी त्या माणसानं आठवड्यातून एक दुपार शाळेतल्या मुलांसोबत बसावं, एवढीच अट. चित्रकार अकबर पदमसींना १९६९ला जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्यांनी ते पैसे एकट्यासाठी ठेवले नाहीत. मुंबईत कॅमेरा आणि छपाईचं यंत्र घेऊन एक कार्यशाळाच उघडली, आणि तिथं नलिनी मलानींसारखे तरुण चित्रकार आणि मणी कौलांसारखे सिनेमावाले एकत्र येऊन काम करू लागले. एका माणसाच्या फेलोशिपवर कितीतरी जण शिकले. आपल्याकडे यंत्राचीही गरज नाही. पत्र्याची एक खोली, पाण्याचा माठ आणि भिंतीला शेणमातीचा ताजा हात, एवढ्यात भागेल.

निवड कुणी करायची, यावर आपल्याला बोलावं लागेल. माझ्या मते गावातल्या दोन वडीलधाऱ्या बायका, एखादा चित्रकला शिक्षक आणि बाहेरचा एक चित्रकार. पुढारी कुणीही नको, मीही नको. तू पैसे देणारा, म्हणून तूही नको. राग मानू नकोस.

आणि तिथं एक काम कर. प्रिन्स क्लॉस फंड २०२१ पासून 'सीड' नावाचे पुरस्कार देतो, दरवर्षी शंभर जणांना, पाच-पाच हजार युरो, वाट नुकतीच सुरू केलेल्यांना, आणि खर्च कसा करायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हसेंना पंच्याहत्तरीत गौरवणारं तेच घर आता सुरुवातीलाच हात देतंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथं जाऊन विचार, की माणूस निवडताना ते काय बघतात, ज्याला इंग्रजी येत नाही त्याचा अर्ज कसा घेतात, आणि पैसे दिल्यावर किती ढवळाढवळ करतात. विचारलंस की लगेच लिही. पावसाळ्याला फार वेळ नाही, आणि पहिला हप्ता या वर्षीच जायला हवा असं मला वाटतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र