उशिरा उमटणारे हसू

घरातील ज्येष्ठांचे छायाचित्र आपण केव्हा काढतो? एक पासपोर्ट आकाराचे, निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी. दुसरे लग्नसमारंभाच्या गर्दीत. मृत्यूचा दाखला देण्यासाठी एखाद्या घरी गेलो, की त्याच गर्दीतील चेहरा वेगळा काढून मोठा करण्याची मुलांची धावपळ मी पाहतो. मग त्या फोटोला चंदनाचा हार चढतो. ज्या जोडीदाराने चाळीस-पन्नास वर्षे तो चेहरा रोज पाहिला, त्याने काढलेले एकही छायाचित्र सहसा घरात सापडत नाही.

माझे याकडे लक्ष गेले ते माझ्याच एका चुकीमुळे. एक निवृत्त शिक्षक कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सन्ससाठी, माझ्याकडे येत. एके दिवशी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, हे माझ्यावर कशाने तरी रागावलेत. वर्षभर हसले नाहीत. काही सांगितले तरी नुसते बघत राहतात.”

मी खजील झालो. हाताचा कंप, चालण्यातील संथपणा, गोळ्यांच्या वेळा हे सारे मी समजावले होते. चेहऱ्याविषयी मात्र अवाक्षर काढले नव्हते. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, पापण्या कमी लवतात आणि चेहरा मुखवट्यासारखा भासू लागतो. आत आनंद असतो. तो बाहेर उमटायला वेळ लागतो. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण पटल्याचे दिसले नाही.

गुरुजींना तरुणपणी फोटो काढण्याचा नाद होता, हे मला ठाऊक होते. मी सुचवले, की दर रविवारी सकाळी दोघांनी एकमेकांचे फोटो काढावेत. अटी दोनच: घाई करायची नाही आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय फोटो कोणालाही पाठवायचा नाही.

तीन महिन्यांनी बाई मोबाईल घेऊन आल्या. एकाच बैठकीतील चार फोटो होते. पहिल्या दोहोंत चेहरा निर्विकार, तिसऱ्यात ओठांचा एक कोपरा किंचित वर, आणि चौथ्यात डोळे चक्क हसत होते. “लग्नाच्या पंगतीत ह्यांना उखाणा आठवेना, ती गोष्ट काढली होती मी. हसू येते हो डॉक्टर, फक्त उशिरा येते. आणि तोवर मी उठून स्वयंपाकघरात गेलेली असते.”

इतके नेमके मलाही सांगता आले नव्हते.

जोडीने छायाचित्रे काढण्याची हौस काही आजची नव्हे. त्रिपुराचे महाराजा वीरचंद्र माणिक्य यांनी सुमारे १८८० साली महाराणी मनमोहिनी यांच्यासह स्वतःचा फोटो काढला. कॅमेऱ्याची कळ ओढण्याची लांब दोरी त्यांच्याच हाती होती. आज ते काम मोबाईलमधील टायमर करतो. हात थरथरत असेल तर मोबाईल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चवडीला टेकवून, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि टायमर लावावा. खिडकीजवळ बसावे, सकाळचा मऊ उजेड एका बाजूने येऊ द्यावा आणि दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरावी, म्हणजे सावली उजळते. फ्लॅश टाळावा, मोतीबिंदू असणाऱ्यांना त्याची तिरीप सोसत नाही. चष्मा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यावी. बसायला हातांची खुर्ची असावी. फोटोसाठी स्टुलावर चढू नये आणि बसल्या जागेवरून एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्याने चक्कर येऊ शकते. कधी चेहऱ्याऐवजी नुसत्या हातांचाच फोटो काढून पाहावा. वर्षानुवर्षे पोळ्या लाटलेले हात चेहऱ्याइतकेच बोलके असतात.

हा औषधांना पर्याय नव्हे. पण चेहरा निरखण्याची सवय लागली, की त्यातील बदलही लवकर ध्यानात येतो. चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला, तर मात्र फोटो काढत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विशेष विनंती आहे. कॅमेरा एकतर्फी ठेवू नका. आजारी माणसालाही तुमचा फोटो काढू द्या. दिवसभर ज्याच्यासाठी सारे काही दुसरेच करतात, त्याला तेवढा वेळ कोणासाठी तरी काही करता येते. गुरुजींनी टायमर नाकारून, मोबाईल हातात धरून पत्नीचा फोटो काढला. तो थोडा हलला आहे. बाईंनी तोच चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आहे.

मीही आता दवाखान्यात त्यांना काही विचारले, की पुढच्या प्रश्नाकडे न वळता थोडा थांबतो. उत्तर येते. उशिरा, पण येते. येत्या रविवारी आपणही खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडून पाहा.